पाप ठरते ते गुन्हा का ठरत नाही?

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. आपल्या धाकट्या भावाने निपाणीकडच्या एका ओळखीच्या माणसाला मुलीच्या लग्नासाठी म्हणून नुसत्या शब्दावर अडीच लाख रुपये हातउसने दिले. लग्न थाटात झाले, पैसे मात्र बुडाले, आणि भाऊ पोलीस ठाण्यात गेला तेव्हा ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. त्याच महिन्यात आपला भाचा शिनोळीच्या पुढे, चंदगड तालुक्याच्या हद्दीत, मित्राच्या शेतावर दारू पिताना सापडला आणि परवाना नसल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. विश्वासघात करणारा उजळ माथ्याने फिरतो आणि कोणाचे काही वाईट न केलेला पोरगा आरोपी होतो, तर फौजदारी कायद्याचा नीतीशी काही संबंध उरला आहे का, असे आपण विचारले आहे.

एकतीस वर्षे मी बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांच्या न्यायालयांत फौजदारी खटले चालवत आलो आहे आणि हा प्रश्न मला पक्षकारांनी निरनिराळ्या शब्दांत इतक्या वेळा विचारला आहे की, त्याचे उत्तर घाईने देऊ नये असे वाटते. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. पण फौजदारी न्यायालय समोरचा माणूस चांगला की वाईट हे ठरवायला बसलेले नसते. त्याने कोणते कर्तव्य मोडले, ते कोणाप्रती होते, आणि ते मोडताना त्याच्या मनात काय होते, एवढेच ते विचारते. नीतीचा अंमल याहून फार मोठ्या मुलखावर चालतो, आणि तो तसाच मोठा राहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा भेद इंग्रजांनी आणला असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. तिच्यावर मिताक्षरा ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर सहाव्या विक्रमादित्याच्या काळात चालुक्यांच्या कल्याणला, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, होऊन गेला. राजाने कशासाठी दंड करायचा हे व्यवहाराध्यायात आले, आणि माणसाने स्वतःच्या पापाचे काय करायचे हे प्रायश्चित्ताध्यायात. चोरीसारखी काही कृत्ये दोन्हीकडे येतात, काही फक्त दुसऱ्या ठिकाणी. पाप आणि अपराध यांचे दप्तर एकच नसते, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता भावाच्या पैशांकडे येतो. शब्द देऊन तो मोडणे अनैतिक आहे याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. पण फसवणुकीच्या गुन्ह्याला, जो आता जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे, शब्द देतानाच मनात कपट असावे लागते. पैसे घेतेवेळी फेडण्याचा इरादा होता आणि पुढे नियत फिरली, किंवा ऐपत राहिली नाही, तर तो करारभंग होतो, फसवणूक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली आणि त्यानंतर अनेकदा तिचा पुनरुच्चार केला. ही रेघ पाळली नाही तर काय होते ते मी पाहिले आहे. सोसायटीचे कर्ज थकलेला ऊस उत्पादक, मिरचीचा भाव पडल्याने अडकलेला दलाल, हंगाम वाया गेलेला टोळीचा मुकादम, असे सगळेच आरोपी होतात, आणि ठाण्याचा अंमलदार वसुली कारकून होऊन बसतो. आपल्या भावावर अन्याय झाला आहे, पण त्याच्या अन्यायावर उपाय करण्यासाठी जो दरवाजा उघडायचा, त्यातून उद्या कर्ज फेडू न शकलेला प्रामाणिक माणूसही तुरुंगात ढकलला जाईल, हे भय कायदा करणाऱ्यांना होते आणि ते योग्य होते.

संहितेत नैतिक शब्द नाहीत असे मात्र नाही. ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द पानोपानी येतो. फरक एवढाच की, तो तिथे ठरावीक अर्थाने बांधलेला असतो: एखाद्याला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या इराद्याने. त्यामुळे सावकाराची पेटी फोडून गरिबांना वाटणारा माणूसही कायद्याच्या अर्थाने अप्रामाणिक ठरतो, आणि दुसऱ्याची सायकल आपलीच समजून खऱ्या मनाने घेऊन गेलेला माणूस चोर ठरत नाही.

या विषयाचा गाभा मला ज्या एका उदाहरणात सापडला, ते 1837 सालचे आहे. लॉर्ड मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दंड संहितेचा मसुदा सादर केला, त्याला जोडलेल्या टिपणांत नदीच्या उताराचा दाखला आहे. नदीला एवढा पूर आहे की उतारावरून जाणारा वाचणार नाही, हे एकाला ठाऊक आहे. तो वाटसरूला ते सांगत नाही, वाटसरू पाण्यात उतरतो आणि बुडतो. आयोग म्हणतो, सावध करण्यासाठी सरकारने तिथे नेमलेला शिपाई मुद्दाम गप्प राहिला असेल तर तो खून आहे. पैसे घेऊन पार नेण्याचे कबूल केलेला वाटाड्या गप्प राहिला असेल तरीही तो खून आहे. पण ज्याच्यावर वाटसरूचा माणुसकीपलीकडे दुसरा कोणताच हक्क नाही, असा कोणी गप्प राहिला तर तो खून नाही. पायाशी भुकेने मरणाऱ्याला अन्न न देणारा धनवान माणूस वाईट आहे, आम्ही ज्यांना कडक शिक्षा सांगितल्या आहेत त्यांतल्या कित्येकांपेक्षा वाईट असेल, हेही आयोगाने मोकळेपणाने मान्य केले आणि पुढे विचारले की, त्याला शिक्षा करायची तर रेघ ओढायची कुठे? किती श्रीमंताने किती द्यायचे? अमुक शस्त्रक्रिया करू शकणारा हिंदुस्थानातला एकुलता एक शल्यवैद्य कलकत्त्याहून मेरठला गेला नाही, तर त्याला खुनी म्हणायचे का?

चिकोडी आणि निपाणी भागात पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्यावरचे बंधारे पाण्याखाली जातात, तेव्हा हा दाखला मला दरवर्षी आठवतो. बंधाऱ्याच्या तोंडाशी ड्युटीवर असलेला माणूस आणि शेतातून परतताना पाण्याची पातळी पाहून मुकाट पुढे गेलेला शेतकरी, या दोघांचे मौन ऐकायला सारखेच असते. नीती दोघांनाही जाब विचारते. कायदा फक्त पहिल्याला.

नीती आणि कायदा यांच्यामधल्या या रेघेवर खरा घाव पडला तो डिसेंबर 2023 मध्ये. बेळगाव तालुक्यातील एका गावात, मुलगा एका मुलीला घेऊन पळून गेला म्हणून, मुलीकडच्या लोकांनी त्याच्या आईला मध्यरात्रीनंतर घरातून ओढून विवस्त्र केले आणि विजेच्या खांबाला बांधून मारले. भोवती गाव जमले होते. सोडवायला एकच माणूस पुढे झाला आणि त्यालाही मार बसला. कर्नाटक उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे आणि न्यायमूर्ती कृष्ण दीक्षित यांच्या खंडपीठाने बघ्यांच्या सामूहिक भ्याडपणाबद्दल तीव्र शब्द वापरले आणि लॉर्ड बेंटिंकच्या काळात गुन्ह्याबद्दल साऱ्या गावावर बसवल्या जाणाऱ्या दंडाची आठवण काढली. त्या आठवड्यात आमच्या बार रूममध्ये दुसरा विषय नव्हता. बघ्यांनाही आरोपी करा, असे तरुण वकील पोटतिडकीने म्हणत होते.

मला त्यांचा संताप समजत होता आणि आजही समजतो. तरीही सरसकट सगळ्या बघ्यांना गुन्हेगार करण्याला माझा विरोध आहे. त्या गर्दीत हल्लेखोरांच्या मेहेरबानीवर शेत कसणारा एखादा असेल, बाळाला कडेवर घेतलेली एखादी बाई असेल, आणि दहा जणांपुढे उभे राहण्याचे धैर्य दाखवले नाही म्हणून माणसाला तुरुंगात घालणे म्हणजे शौर्य न दाखवणे हाच गुन्हा ठरवणे होय. कायद्याने मागायचे ते सामान्य माणसाला पेलेल एवढेच मागावे. खून, दरोडा, दंगा अशा काही ठरावीक गुन्ह्यांची माहिती पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्येही आहे. आडवे पडून सोडवण्याचे कर्तव्य कुठेच नाही. खिशातला मोबाइल काढून ठाण्याला फोन करणे सगळ्यांना पेलण्यासारखे होते, आणि माझ्या मते जाब विचारायचा तो तेवढ्यापुरता.

जिथे दुर्बळाला स्वतःचे तोंड उघडता येत नाही, तिथे कायदा पुढे जातो आणि जाणे योग्य आहे. आपण शिक्षक होता म्हणून हे मुद्दाम लिहितो. बालकांच्या लैंगिक शोषणाबाबतच्या 2012 च्या कायद्यात, म्हणजे पॉक्सोमध्ये, असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत. ‘पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे, गावात मिटवू’ ही भाषा आपल्या भागात सद्भावनेने बोलली जाते, आणि ती बोलणारे मुख्याध्यापक मी आरोपीच्या जागी पाहिले आहेत. म्हाताऱ्या आईबापांचेही तसेच. त्यांना टाकून देणे पूर्वी केवळ पाप होते. 2007 च्या कायद्याने त्याला तीन महिन्यांपर्यंतची कैद लावली आणि निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरण दिले, ज्यासाठी आपल्याकडे असिस्टंट कमिशनरच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो.

आता उलटी बाजू, जिथे लोक ज्याला पुण्य म्हणत होते त्यालाच कायद्याने गुन्हा ठरवले. सौंदत्तीच्या यल्लमा देवीच्या डोंगरावर रांडाव पुनव आणि अहेव पुनव या दोन्हींना कोल्हापूर, सांगलीपासून गाड्या भरून माणसे येतात. त्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात आदर आहे, माझ्या आजीच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी जपून ठेवली आहे. पण याच डोंगराच्या नावाने पोरीच्या केसांत जट दिसली की तिला देवीला सोडायची, ही चाल पिढ्यान् पिढ्या चालली, आणि सोडणारे आईबाप आपण धर्माचे काम करतो असेच मानत होते. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असताना 1934 चा देवदासी संरक्षण कायदा आला, आणि पुढे कर्नाटकाचा 1982 चा बंदी कायदा झाला. या दुसऱ्या कायद्यात देवीला सोडण्याचा समारंभ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, पण तो करणारे आईबाप, पालक किंवा नातेवाईक असतील तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे. पोटच्या माणसांना जास्त शिक्षा का, असे मला एका पोरीच्या चुलत्याने विचारले होते. नदीच्या उतारावरच्या शिपायाला जास्त जबाबदार का धरले, त्याच कारणासाठी. पोरीचा त्यांच्यावर सर्वांत मोठा हक्क होता. गावाची नीती आणि फौजदारी कायदा इथे समोरासमोर उभे राहिले, आणि कायदा बरोबर होता, कारण त्याने गावाला काय पवित्र वाटते यापेक्षा पोरीचे काय होते हे पाहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत म्हणाले होते की, संवैधानिक नीती ही माणसाची उपजत भावना नाही, ती जोपासावी लागते. सत्तर वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांबाबत 6 सप्टेंबर 2018 रोजी निकाल देताना याच विचाराचा आधार घेतला. त्याच महिन्याच्या 27 तारखेला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जुन्या दंड संहितेतले व्यभिचाराचे कलम 497 रद्द केले, तेव्हा ‘आता नीती बुडाली’ असे म्हणत माझ्याकडे आलेल्या एका सद्गृहस्थांना मी ते कलम मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवला तर गुन्हा, नवऱ्याची संमती असेल तर काहीच नाही. तक्रार करायची ती नवऱ्याने, आणि स्वतःच्या नवऱ्याने बाहेर काही केले तर बायकोला त्या कलमाखाली दादच नाही. ते कलम नीतीचे रक्षण करत नव्हते. बायको ही नवऱ्याची मालमत्ता आहे, या समजुतीचे करत होते. व्यभिचार आजही घटस्फोटाचे कारण आहे, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे तिथे हेही सांगायला हवे की, सैन्यदलांच्या शिस्तभंगाच्या कारवाईला त्या निकालाने बाधा येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. जवानाने वेगळे कर्तव्य पत्करलेले असते, म्हणून त्याचा हिशेबही वेगळा.

हे सारे मला पुस्तकांपेक्षा एका ट्रॅक्टरचालकाने जास्त शिकवले. रायबागकडचा माणूस, गळिताचा हंगाम, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि रात्री अकरा वाजता मागच्या ट्रॉलीचे चाक निखळलेले. मागे रिफ्लेक्टर नव्हता. त्याने भोवती दगड मांडले, बाभळीच्या फांद्या तोडून टाकल्या आणि मिस्त्रीला आणायला तो पायी गेला. परत येईपर्यंत एक तरुण मोटारसायकलवरून येऊन ट्रॉलीवर आदळला आणि जागेवरच गेला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होण्याचे कलम 304अ आणि रस्त्यात अडथळा करण्याचे कलम 283, असे जुन्या संहितेखालचे दोन आरोप होते. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये गुन्हा कबूल आहे का असे विचारले, तेव्हा त्याने हात जोडले आणि मराठीत म्हणाला, ‘साहेब, पाप झालं माझ्या हातनं.’ बेंच क्लार्कने ते ‘तप्पु आगिदे’ असे सांगितले. कन्नडमधला तप्पु हा शब्द चुकीपासून अपराधापर्यंत सगळे पोटात घेतो, आणि पेन कागदावर टेकले होते. मी उठलो आणि म्हणालो की, माझा पक्षकार दुःख सांगतो आहे, गुन्हा कबूल करत नाही. न्यायाधीशांनी त्याला पुन्हा, सावकाश, दोन्ही भाषांत विचारायला लावले.

चार वर्षांनी 304अ मधून तो सुटला, कारण दगड आणि फांद्या पंचनाम्यातच होत्या आणि जवळ जे होते ते त्याने केले होते, हे सिद्ध झाले. अडथळ्याबद्दल त्या कलमाखालचा जास्तीत जास्त दंड झाला, दोनशे रुपये. पावती हातात घेऊन व्हरांड्यात त्याने मला विचारले, ‘एवढंच?’ मी त्याला निकाल समजावून सांगितला, पण त्याने निकालाबद्दल विचारलेच नव्हते. पुढे तो त्या मुलाच्या घरी जाऊ लागला, हे मला बऱ्याच दिवसांनी समजले. तिथे काय बोलणे झाले ते माझ्या फायलीत नाही आणि ते असूही नये.

भाच्याच्या बाबतीत आपले म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय दारू पिणे हाच गुन्हा आहे. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असताना तोच कायदा इथेही होता. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात आलो आणि आज कर्नाटकात 1965 चा अबकारी कायदा चालतो, ज्यात साध्या पिणाऱ्याकडून परवाना मागितला जात नाही. म्हणजे सीमेअलीकडच्या बाचीत जे बिनगुन्ह्याचे, ते पुढच्या शिनोळीत गुन्ह्याचे. माणूस तोच, बाटली तीच आणि पापपुण्यही तेवढेच. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये त्या कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला आहे, तेव्हा तो पाळणे भाग आहे. पण स्वतःपलीकडे कोणाला धक्का न लावणारे कृत्य राज्याने गुन्हा ठरवू नये, असे माझे मत आहे. दारू पिऊन गाडी चालवणे ही निराळी गोष्ट. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर तो गुन्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि तिथे मला दयामाया नाही, कारण समोरून येणाऱ्याचा रस्त्यावर हक्क असतो. भाच्याने खोटे सांगू नये, वैद्यकीय तपासणीचा कागद जपून ठेवावा आणि तिथल्या न्यायालयात काम करणारा वकील द्यावा.

भावाने मात्र फौजदारीचा नाद सोडावा, एक शक्यता तपासून. त्या माणसाने फेडीसाठी कधी चेक दिला होता का? दिला असेल आणि तो परत आला असेल, तर परक्राम्य संलेख कायद्याचे कलम 138 लागू होते: बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पैसे देण्यासाठी 15 दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. मोडलेला शब्द गुन्हा नाही, पण न वटलेला चेक 1989 पासून गुन्हा आहे, कारण चेकवर तिऱ्हाईत माणसेही विसंबतात. चेक नसेल तर दिवाणी दावा. हातउसन्या पैशांना साधारणपणे दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत असते, आणि तेवढ्या काळात त्याने सहीनिशी देणे मान्य केले असेल तर तिथून ती नव्याने मोजली जाते. पैसे कोणत्या दिवशी दिले ते आपण पत्रात लिहिलेले नाही. बँकेचे पासबुक, फोनवरचे संदेश, लग्नाची पत्रिका, जे मिळेल त्यावरून ती तारीख आधी काढा आणि मला कळवा.